गमबूट घेताना आधी तळवा उलटा करून बघा

तीन पावसाळ्यांत मी तीन जोड गमबूट घेतले. पहिला जोड 850 रुपयांचा, ऑनलाइन मागवलेला. दुसरा 425 चा आणि तिसरा 380 चा. हे दोन्ही जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्याच्या बाजारातल्या एका शेतीसामानाच्या दुकानातून. सगळ्यांत स्वस्त होता तोच सगळ्यांत चांगला निघाला, आणि तो चांगला का, हे कळायला मला दोन पावसाळे लागले. पाय कोरडा राहतो का, टाच घासते का, वर्षभर टिकतो का, हे गमबुटाबद्दल सगळेच सांगतात. तेही सांगतो. पण माझं गमबुटाशी काम जरा वेगळं आहे. मी रात्री डबक्यांत उतरतो, बेडूक बघायला.

एका कॉलेजच्या प्राणीशास्त्र प्रयोगशाळेत मी 31 वर्षं परिचर होतो. पावसाळा लागला की बेडूक आणायचं काम माझ्याकडे. गोणपाट, बॅटरी आणि दोन पोरं घेऊन रात्री नाल्यावर जायचं आणि सकाळी विभागामागच्या सिमेंटच्या टाकीत माल सोडायचा. ‘माल’ हाच शब्द आम्ही वापरायचो. मग क्लोरोफॉर्म, मेणाचा ट्रे, टाचण्या. छाती उघडली की हृदय धडधडत असायचं आणि मुलं माना पुढे काढून बघायची. माझ्या हातून किती बेडूक गेले त्याची मोजदाद मी ठेवली नाही. 2014 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने विच्छेदन बंद करायला सांगितलं, तेव्हा ती टाकी रिकामी झाली. पुढे कोणीतरी तिच्यात माती भरून कोरफड लावली.

माझी पुतणी आता एम.एस्सी. करते. तिचा प्रकल्प बेडकांवरच आहे. पण ती पकडत नाही, ऐकते. अडावदपासून सातपुड्याच्या पायथ्यापर्यंतचे नाले, शेततळी, पाझर तलाव अशा ठरलेल्या जागी रात्री आठ ते अकरा उभं राहायचं, आवाज रेकॉर्ड करायचा, कोण किती ओरडतंय ते वहीत लिहायचं. रात्रीची मुलगी एकटी नको म्हणून भावाने मला सोबत धाडलं. पहिली रात्र मी नुसता सोबत म्हणून उभा होतो. दुसऱ्या रात्री मला ओळखता यायला लागलं की कंगव्याच्या दातांवरून नख ओढल्यासारखा जो आवाज येतो तो अंगठ्याच्या पेराएवढ्या मायक्रोहायलाचा, आणि विहिरीच्या कठड्यावरून लाकडावर टकटक केल्यासारखा येतो तो झाडबेडकाचा. तीस वर्षं मी ज्यांना गोणपाटात भरलं, त्यांचे आवाज मला वेगवेगळे माहीतच नव्हते. तेव्हापासून मी सोबत म्हणून जात नाही. माझं काम म्हणून जातो.

आता पहिला जोड.

दिसायला देखणा. गडद हिरवा, गुडघ्याच्या जरा खाली येणारा, आत जाड कापडी अस्तर, तळव्याला ट्रॅक्टरच्या टायरसारख्या खोल नक्ष्या. फोटोत बघून वाटलं, आपल्या काळ्या मातीला हाच बूट पाहिजे. पायाला मऊ, चालताना पाय मागे-पुढे सरकत नाही, टाच घासली नाही. पहिल्या आठ दिवसांत मी चार जणांना हा घ्या म्हणून सांगितलंसुद्धा. मग एका रात्री नाल्यात पाय जरा खोल गेला, वरून पाणी आत आलं, आणि त्या दिवसापासून पुढचा दीड महिना तो बूट आतून एकदाही पूर्ण वाळला नाही. अस्तर पाणी धरून ठेवतं. बाहेरून हात लावला तर कोरडा, आत बोटं घातली तर गार. वास तर येतोच, पण वासाचं मी सोडून देतो.

श्रावणात आम्ही तोरणमाळला गेलो. आदल्या रात्री अडावदजवळच्या नाल्यावर काम केलं होतं, सकाळी गाडीत सामान टाकलं आणि शिरपूर-शहाद्यावरून वर चढलो. संध्याकाळी यशवंत तलावाच्या काठाला मी गमबूट चढवले आणि पाण्याकडे निघालो, तर पुतणीने मागून हाक मारली, “आप्पा, थांबा. पाय उचला.” मी पाय उचलला. तिने बॅटरी मारली. तळव्याच्या नक्षीत कालच्या नाल्याची काळी माती गच्च बसलेली, अजून ओली, तिच्यात एक शेवाळाचा धागा. तोरणमाळची माती लाल. त्या लाल मातीवर माझ्या बुटातून काळं ढेकूळ गळून पडलं, ते मला अजून दिसतं.

तिने मला पाण्यात उतरू दिलं नाही. मी जरा रागावलोच. एवढ्या लांब आणलंस आणि काठावर बसवतेस? मग ती तिथेच दगडावर बसली आणि तिने मला कायट्रिडबद्दल सांगितलं. त्याचं पूर्ण नाव बॅट्राकोकायट्रियम डेंड्रोबॅटिडिस. जीभ वळायला मला चार दिवस लागले. ही एक बुरशी आहे, पण आपल्या ओळखीच्या भाकरीवरच्या बुरशीसारखी नाही. तिच्या बीजाणूला शेपटी असते आणि तो पाण्यात पोहतो. बेडकाच्या कातडीत शिरतो, तिथे वाढतो, नवे बीजाणू परत पाण्यात सोडतो. आपल्या नखांत-केसांत जे केराटिन असतं ते बेडकाच्या कातडीच्या वरच्या थरात असतं, त्यावर ही वाढते. बेडूकमाशाच्या, म्हणजे डिंभाच्या, फक्त तोंडाच्या कडेला केराटिन असतं, म्हणून तो बहुतेक वेळा जगतो आणि बुरशी बाळगत फिरतो. त्याचा बेडूक झाला, सगळ्या अंगावर ती कातडी आली, की मरतो.

आणि मरतो कसा? हे ऐकताना माझ्या हातातली बॅटरी खाली गेली. बेडूक कातडीतून पाणी पितो, कातडीतून श्वास घेतो, शरीरातले क्षारसुद्धा कातडीतूनच सांभाळतो. बुरशीने कातडी जाड आणि निकामी झाली की रक्तातलं सोडियम-पोटॅशियम घसरतं आणि हृदय बंद पडतं. ऑस्ट्रेलियात संशोधकांनी 2009 मध्ये हे दाखवून दिलं. जे हृदय मी ट्रेमध्ये उघडून मुलांना धडधडताना दाखवलं, ते कुठल्यातरी ओढ्याकाठी असं गुपचूप थांबतं.

1998 मध्ये ऑस्ट्रेलिया आणि पनामातल्या मेलेल्या बेडकांवर ही बुरशी सापडली, 1999 मध्ये तिला नाव मिळालं. 2019 मध्ये जगभरच्या संशोधकांनी मिळून हिशेब मांडला: हिच्यामुळे किमान 501 जातींची संख्या घटली आणि त्यांतल्या 90 जाती निसर्गातून नाहीशा झाल्या असं मानलं जातं. बुरशी आली कुठून? 1938 मधल्या दक्षिण आफ्रिकेतल्या एका बाटलीतल्या बेडकावर ती सापडली, तेव्हा बोट आफ्रिकेकडे गेलं. तो नखवाला बेडूक एके काळी बायकांच्या गर्भाच्या चाचणीसाठी जगभर पाठवला जायचा. नंतर 2018 मध्ये जनुकं तपासून कोरियाच्या बाजूला, पूर्व आशियात तिचं मूळ असल्याचं दिसलं. म्हणजे पसरली ती माणसाच्या हाताने, बेडकांच्या व्यापारातून. आपल्याकडूनही बेडकांच्या तंगड्या गोठवून परदेशी जात होत्या, 1987 मध्ये ती निर्यात बंद झाली. ज्या मोठ्या बेडकाच्या तंगड्या जायच्या, माझ्या गोणपाटात तोच असायचा.

पश्चिम घाटाच्या उत्तर भागातल्या बेडकांवर हीच बुरशी, तिचा आशियाई प्रकार, सापडल्याचं 2013 मध्ये पुण्याच्या संशोधकांनी लिहिलं आहे. तिकडे ऑस्ट्रेलिया-पनामासारखे बेडकांचे खच पडलेले नाहीत. पुतणी म्हणते, आपल्या बेडकांची आणि या प्रकाराची बहुधा जुनी ओळख असावी. पण एका डबक्यातलं दुसऱ्यात नेऊन ती ओळख कसोटीला लावायचा अधिकार मला कोणी दिला? बुरशीला गारवा आवडतो, साधारण 17 ते 25 अंश. अडावदच्या नाल्यात जूनमध्ये पाणी कोमट असतं. तोरणमाळ हजार मीटरच्या वर, तिथे श्रावणात स्वेटर लागतो. म्हणजे खालचा चिखल वर नेणं हेच सगळ्यांत वाईट, आणि मी तेच करायला निघालो होतो. ओल्या वाळूत ही बुरशी तीन महिने आणि तलावाच्या पाण्यात सात आठवडे जगल्याचं प्रयोगांत दिसलं आहे. माझ्या त्या अस्तरात ओल किती दिवस होती ते वर लिहिलंच आहे.

व्यापार हे मोठं कारण आणि बूट हे लहान कारण, हे मला कळतं. पण व्यापार माझ्या हातात नाही, बूट माझ्या पायात आहे.

त्या रात्री मी तळ्याच्या काठावर अनवाणी बसून वही धरली. घरी आल्यावर तो जोड घासायला घेतला. बाभळीचा काटा आणि जुना दात घासायचा ब्रश घेऊन एका बुटाची नक्षी साफ करायला मला अर्धा तास लागला, तरी कोपऱ्यांत माती राहिलीच. वाळवायला उलटा ठेवला तर अस्तर पाण्याने लोंबलं. 850 रुपयांचा बूट शेजारच्या केळीवाल्याला देऊन टाकला. त्याला तो छान चालतो. त्याचं वावर एकच, पाणी एकच, त्यामुळे त्याला काही अडत नाही.

दुसरा जोड, काळा रबरी, 425 चा. अस्तर नाही, एवढं मी बघून घेतलं. तळवा बघायचं सुचलं नाही. दोन बोटं आत जातील एवढ्या खोल व्ही आकाराच्या खाचा. आपली काळी माती त्यात शिरली की पाय एक-एक किलोचा होतो, आणि ती माती निघत नाही, सिमेंटसारखी सुकते. शिवाय रबर जड; अकरा वाजता घरी येईपर्यंत पोटऱ्या भरून यायच्या. घोट्याजवळ दुमडतो तिथे दोन महिन्यांत बारीक भेगा पडल्या. भेग म्हणजे परत ओल धरायची जागा. आणखी एक चूक माझी. तो बूट मी मधल्या काळात मक्यावर तणनाशक मारणाऱ्या पोराला एक दिवस वापरायला दिला. पुतणीला सांगितलं तेव्हा ती गप्प झाली. मग म्हणाली, “आप्पा, आता हा पाण्यात नको.” मक्यात ॲट्राझिन मारतात ते सगळ्यांना माहीत आहे. अमेरिकेत 2002 मध्ये एका संशोधकाने दाखवलं होतं की पाण्यात ते अब्जात एक भागापेक्षाही कमी असलं तरी नर बेडकांच्या वृषणांत अंडी दिसतात. त्यावर पुष्कळ वाद झाले, पण युरोपीय संघाने ते बंद केलं आहे. ज्याची कातडी म्हणजेच तोंड आणि फुप्फुस, त्याच्या पाण्यात फवारणीचा बूट घालून उतरायचं नाही, एवढं मला वादाशिवाय पटलं. फवारणीचे बूट वेगळे, नाल्याचे वेगळे. ज्यांच्या घरी शेतीही आहे आणि तळ्यावर जाणंही आहे त्यांनी हे नक्की पाळावं.

तिसरा जोड घ्यायला गेलो तेव्हा दुकानात मी एकेक बूट उचलून उलटा करत बसलो. शेट ओळखीचे. म्हणाले, “हाऊ तळवा काय देखी राहिनात आप्पा? पाय वर घालतस, खाल नही.” मी म्हटलं, शेट, मला खालचाच पाहिजे. त्यांनी माळ्यावरून एक पांढरा जोड काढला, दूध डेअरीत आणि मासळीच्या गोदामात घालतात तसला. अख्खा एका साच्यातला पीव्हीसी, आत अस्तर नाही, शिवण नाही, तळव्याला उथळ, रुंद लाटा. बोट फिरवलं तर कुठे अडकत नाही. 380 रुपये. 15 इंच उंच, म्हणजे माझ्या पोटरीच्या वर येतो.

हा जोड मी आता दुसरा पावसाळा वापरतोय. ब्रशने घासायला दोन्ही बुटांना मिळून चार-पाच मिनिटं लागतात. पांढरा असल्याने कुठे माती राहिली ते बॅटरीच्या उजेडात लगेच दिसतं; काळ्या आणि हिरव्यात हे कधीच दिसलं नाही. रंगाचा हा फायदा आधी कोणी सांगितला असता तर माझे दोन जोडांचे पैसे वाचले असते. आतून फडक्याने पुसला की कोरडा. वजनाला हलका. घोट्याशी अजून भेग नाही.

दोष आहेत. शेवाळलेल्या दगडावर हा घसरतो. मनुदेवीच्या धबधब्याखालच्या दगडांवर मी दोनदा बसलो, एकदा कोपर फुटलं. आता हातात बांबूची काठी असते (ती पण धुवावी लागते). आत घाम फार येतो. सुती लांब मोजे घाला, आणि मोजे रोज बदला, कारण ओला मोजा हासुद्धा ओल धरतोच. नळी रुंद आहे, बारीक पायाच्या माणसाला पायात खळखळेल. आणि उन्हाळ्यात उन्हात टाकून ठेवलात तर पीव्हीसी पिवळा पडून कडक होतो, तेव्हा वाळला की सावलीत उचलून ठेवा.

सापाचं विचारणारे खूप आहेत म्हणून सांगतो. केळीला वीज रात्रीची येते आणि अर्धा तालुका अंधारात पाणी भरतो, त्यामुळे हा प्रश्न खराच आहे. मागच्या वर्षी बांधावर घोणस फुत्कारली, पावलापासून दोन हातांवर. 15 इंची बूट पायात होता म्हणून मी उडी न मारता उभा राहू शकलो आणि हळूच मागे आलो. पण पातळ पीव्हीसीतून दात जाणारच नाही अशी खात्री मी देणार नाही. बॅटरी आणि काठी आधी, बूट त्यानंतर. हेड टॉर्च जळगावच्या गोलाणी मार्केटमधून घेतला, चार्जिंगचा. चांगला आहे, पण उजेड बेडकाच्या डोळ्यांत थेट मारू नये म्हणून त्याला लाल जिलेटीन लावलं आहे. त्यावर एवढंच.

आता धुण्याची पद्धत, कारण त्याशिवाय हा बूटही त्या पहिल्यासारखाच. आमचा नेम असा. जागा सोडायच्या आधी, तिथल्याच पाण्याजवळ पण पाण्यात नव्हे, काठापासून लांब, बूट ब्रशने घासायचे. माती तिथली तिथेच राहते. माती राहिली तर वरून कितीही औषध मारा, आत पोचत नाही. प्रयोगशाळेत काचसामान धुताना मी पोरांना हेच सांगायचो, आधी घासा, मग स्पिरिट. मग फवाऱ्याच्या बाटलीतून 70 टक्के अल्कोहोल, तळवा आणि नळी पूर्ण ओली होईपर्यंत. प्रयोगात 20 सेकंदांत बुरशी मेली आहे. मी मनात साठ मोजतो. 95 टक्क्यांचं स्पिरिट असेल तर 74 भाग घेऊन पाण्याने 100 पर्यंत न्यायचं. जास्त कडक केलं तर जास्त चांगलं होत नाही, पाणी त्यात लागतंच. जवळ बिडी पेटवायची नाही, हे सोबतच्या माणसांना आधी सांगा. काही जण ब्लीचिंगचं पाणी वापरतात, तेही चालतं, पण ते उरलेलं पाणी नाल्यात ओतलं तर डिंभ मरतील. घरी नेऊन मोरीत ओता.

आणि शेवटी वाळवणं. हे सगळ्यांत महत्त्वाचं आणि खान्देशात सगळ्यांत सोपं. ही बुरशी कोरडेपणाला फार भिते. उष्णतेलाही, 37 अंशांत चार तासांत मरते. आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो, उन्हात ठेवलेल्या बुटाला हात लावता येत नाही. आयुष्यभर या उन्हाला शिव्या दिल्या, आणि या एका कामात ते आपल्या बाजूने उभं असतं. ऑस्ट्रेलियात तर 2024 मध्ये संशोधकांनी याच उष्णतेचा औषध म्हणून वापर केला: भोकांच्या विटा काळ्या रंगवून छोट्या हरितगृहात रचल्या, बेडूक त्या भोकांत जाऊन शेकत बसले आणि बरे झाले; बरे झालेले बेडूक पुढे बुरशीला जास्त पुरून उरले. पुतणीने मला मोबाइलवर त्या विटांचा फोटो दाखवला. आमच्या घरामागे बांधकामाच्या उरलेल्या विटांचा ढीग आहे, त्यात पावसाळ्याअखेरीस झाडबेडूक बसलेला असतो. आधी मी तो ढीग काढायचं म्हणत होतो. आता नाही काढत.

अडचण श्रावणात येते, ऊन दिसत नाही तेव्हा. मग दोन जागांच्या मधे दोन दिवस जाऊ द्यायचे आणि बूट चुलीच्या खोलीत बांबूवर उलटे टांगायचे. एकाच आठवड्यात पाल गाव, यावल अभयारण्याच्या कडेचे नाले आणि तोरणमाळ असं करायचं असेल तर 380 चेच दोन जोड घ्या. एका 850 च्यापेक्षा ते स्वस्तच पडतात. त्यांतल्या एका जोडावर मार्करने ‘वर’ असं लिहा. तो फक्त डोंगरावर वापरायचा.

शेटना मी हे सगळं टप्प्याटप्प्याने सांगितलं. त्यांनी एकदा सरळ विचारलं, बेडूक गेला तर जाऊ द्या, आमचं काय जातं? मी त्यांना डास सांगितले. पनामा आणि कोस्टारिकात बुरशीने बेडूक गेले त्यानंतरची काही वर्षं तिथे मलेरिया वाढला, हे 2022 मध्ये आकड्यांनिशी मांडलं गेलंय. चोपड्यात प्रत्येक घरात कोणाला ना कोणाला मलेरिया होऊन गेला आहे, त्यांना लगेच कळलं. पण मला स्वतःला हे कारण पुरत नाही. जगातल्या उभयचरांच्या 8,011 जाती तपासल्या, त्यांतल्या 41 टक्क्यांच्या आसपास धोक्यात आहेत, असं 2023 चा अहवाल सांगतो. पक्ष्यांपेक्षा, सस्तन प्राण्यांपेक्षा जास्त. कोस्टारिकातला सोनेरी भेक 1989 नंतर कोणाला दिसला नाही. आपल्या शहाद्याच्या जंगलात रानपिंगळा 113 वर्षांनी, 1997 मध्ये, पुन्हा सापडला, त्याचा आपल्याला किती अभिमान आहे. तो सापडला कारण तो राहिला होता.

मृगाच्या पहिल्या मोठ्या पावसात यंदा आम्ही अडावदच्या नाल्यावर होतो. मोठे बेडूक, ते माझे जुने, रात्रीतून पिवळेधमक झालेले, गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळे फुगे, आणि आवाज असा की पुतणीला शेजारी उभं राहून माझ्या कानात ओरडावं लागत होतं. लहानपणी ‘धोंडी धोंडी पाणी दे’ म्हणत कडुनिंबाचा पाला नेसवलेल्या पोरामागे आम्ही फिरायचो, त्या बेडकाला पाऊस मागायचो. मी पाण्याच्या काठावर एका जागी उभा होतो आणि एक नर माझ्या पांढऱ्या बुटाच्या टोकावर येऊन बसला. बराच वेळ बसला. मी पाय हलवला नाही.

मापाचं राहिलं. हा जोड एक नंबर मोठा घ्या, मोजे जाड लागतात म्हणून. माझा पाय आठ, बूट नऊ. शेट पांढरे जोड थोडेच आणतात, डेअरीवाल्यांसाठी. नऊ आणि दहा नंबर मृगाच्या आधीच संपतात. ज्येष्ठ लागला की जाऊन घ्या, आणि त्यांनी हसून विचारलं तरी बूट उलटा करून बोट फिरवून बघा.